गोठलेले तळे आणि सोनेरी कडे

जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ही अमेरिकन कादंबरी १९५१ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक होल्डन कॉलफिल्ड हा कुमारवयीन मुलगा. पाचपैकी चार विषयांत नापास झाल्यामुळे शाळेने त्याला काढून टाकले आहे. ही वार्ता घरी पोहोचण्यापूर्वीचे काही दिवस तो न्यूयॉर्कमध्ये एकटाच भटकतो. कथानक एवढेच, परंतु त्यातील प्रतीके वडीलधाऱ्यांनी अवश्य समजून घ्यावीत अशी आहेत.

सेंट्रल पार्कमधील तळे हिवाळ्यात गोठले की बदके कोठे जातात, असे होल्डन टॅक्सीचालकांना विचारतो. एकाला ती थट्टा वाटते. दुसरा चिडून माशांविषयीच बोलू लागतो. प्रश्न वस्तुतः बदकांचा नाहीच. त्याचा धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगाने गेला आहे. त्याचा बेसबॉलचा हातमोजा, त्यावर हिरव्या शाईत उतरविलेल्या कवितांसह, होल्डनने जपून ठेवला आहे. आसराच गोठला तर जावे कोठे, हे त्याला विचारावयाचे आहे.

कड्यालगतच्या राय धान्याच्या शेतात मुले खेळत आहेत आणि काठाशी आलेल्या प्रत्येकाला आपण झेलत आहोत, हे त्याचे स्वप्न. कादंबरीचे शीर्षक त्यातूनच आले. गंमत अशी की, ज्या बर्न्सच्या कवितेवरून हे चित्र त्याला सुचले, तिच्यात ‘झेलणे’ नसून ‘भेटणे’ आहे. ही चूक त्याची लहान बहीण फीबी दाखवून देते.

अखेरीस फीबी फिरत्या लाकडी घोड्यावर बसते. इतर मुलांप्रमाणे तीही सोनेरी कडे पकडण्यासाठी हात लांबविते. ती पडेल अशी भीती होल्डनला वाटते. तरीही तो तिला अडवीत नाही. पडावयाचे असेल तर मुले पडतील, पण त्यांना हात लांबवू द्यावा, हे त्याला उमगते.

व्यापारी कुटुंबांत मुलगा लवकर गादीवर बसतो. मात्र त्याच्या हातून पहिला तोटा होऊ नये म्हणून वडील प्रत्येक सौद्यात स्वतः उभे राहतात. त्यामागे मायाच असते. परंतु वाचकहो, त्याला एखादा सौदा स्वतःच्या जबाबदारीवर करू द्यावा. आणि तो काही विचित्र विचारू लागला, तर हसण्यावारी नेण्यापूर्वी त्याला खरोखर काय विचारावयाचे आहे, हे जाणून घ्यावे.