तारखेची पूजा, चित्रपटाची उपेक्षा

३ मे जवळ आला, की ठरलेले लेख येतात. १९१३ साली याच दिवशी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, भारतीय चित्रपटाचा जन्म झाला, दादासाहेब फाळके यांना विनम्र अभिवादन! सोबत त्या चित्रपटातले म्हणून एखादे दृश्य छापलेले असते. माझी हरकत या दृश्यापाशी सुरू होते.

मूळ चित्रपट चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातली पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे उरली आहेत. आणि तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ साली नव्याने चित्रित केलेल्या ‘हरिश्चंद्रा’ची असावीत, असे काही इतिहासकारांचे म्हणणे आहे. ते खरे असेल, तर आपण तारीख मुंबईची साजरी करतो आणि पाहतो मात्र फाळक्यांच्या नाशिक-पर्वातली कृती. कारण पहिल्या यशानंतर फाळक्यांनी दादर सोडून नाशिकला बिऱ्हाड थाटले होते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटू नये. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठभेदाचा विचार ही आपल्या वाङ्मयीन परंपरेची शिस्त आहे. पोथीतल्या एका अक्षरासाठी आपण हयात घालवतो. मग चित्रपटाच्या बाबतीत ‘कोणती प्रत?’ हा साधा प्रश्नही आपल्याला का पडू नये?

याचे कारण ‘पहिला’ या शब्दाच्या मोहात आहे. पहिला मान फाळक्यांचा की १८ मे १९१२ला ‘श्री पुंडलिक’ दाखवणाऱ्या तोरण्यांचा, यावर आपण हिरिरीने भांडतो. पण ‘हरिश्चंद्रा’तली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली आणि त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, या संक्रमणाची मीमांसा किती जणांनी केली? तारखेच्या वादात हरणे-जिंकणे असते. कृतीच्या वाचनात कष्ट असतात.

निमित्ताने तरी नव्या पिढीला फाळके कळतात, असे यावर म्हटले जाईल. काय कळते? नाव, पुरस्कार आणि पुतळा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा आगीत भस्मसात झाला. त्या दिवसाचे स्मरण कोणी करत नाही. आणि खरे तर चित्रपटाचा इतिहास जपायचा, तर जन्मतिथीइतकीच ही मरणतिथीही ध्यानात ठेवायला हवी.

फाळके त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले, नाशिकमध्येच १९४४ साली वारले. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीचे कामही याच गावात चाले. तेव्हा अपेक्षा नाशिकच्या महाविद्यालयांकडूनच ठेवावी लागेल. येत्या ३ मेला हारतुरे आणि भाषणे बाजूला ठेवून ती दोन रिळे विद्यार्थ्यांना दाखवावीत. पात्रे, वेषभूषा, कॅमेऱ्याची जागा, दृश्यांचा क्रम यांची टिपणे त्यांच्याकडून लिहून घ्यावीत आणि मगच १९१३ की १९१७ हा वाद त्यांच्यापुढे मांडावा. हे करण्याची तयारी नसेल, तर निदान छापलेल्या दृश्याखाली ‘१९१३’ असे ठामपणे लिहिणे तरी थांबवावे.