आपल्याला राजकारणात इंटरेस्ट नाही!

होस्टेलच्या चार वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य सांगू? "आज मेसला काय आहे?" हे नाही. ते आहे, "आपल्याला बुवा राजकारणात इंटरेस्ट नाही!" मीही हे छाती फुगवून सांगायचो. आता सांगत नाही. का, ते वाचा. पटलं नाही तर रूमवर या, भांडू.

गेमिंगपासून सुरू करू, तो आपल्या जिव्हाळ्याचा विषय. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाईलसकट ११८ अॅप्सवर बंदी घातली. मी तेव्हा अकरावीत. ऑनलाइन लेक्चरपेक्षा पबजीला माझी हजेरी जास्त! गलवान खोऱ्यात जूनमध्ये काय घडलं होतं, हे मी गेम गेल्यावर नीट वाचलं. मग जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्यानेच बंदी आली. ही बंदी मला पटली. आमच्या विंगमधला एक जण मेसच्या पैशांची 'टीम' लावायचा आणि मग महिनाभर आमच्या ताटात जेवायचा. पण चांगली असो की वाईट, प्रत्येक वेळी निर्णय दिल्लीत झाला आणि आपल्याला कळला तो नोटिफिकेशनमधून.

आता नोकरी. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीत एचआरने मला विचारलं, "शनिवार-रविवार यावं लागलं तर?" मी म्हटलं, "येस सर!" नाइट शिफ्ट? "येस सर!" दोन वर्षांचा बॉण्ड? "येस सर!" बाहेर येऊन कटिंग मारताना लक्षात आलं, की मी स्वतः एकही प्रश्न विचारला नाही. सिलेक्शन झालं, घरी पेढे वाटले गेले. खरं सांगतो, उद्या पुन्हा विचारलं तरी मी 'येस सर'च म्हणेन. एज्युकेशन लोनचा हप्ता माझ्या तत्त्वांसाठी थांबणार नाही.

मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत पंधरा वर्षांपूर्वी फ्रेशरला तीन-सव्वातीन लाखांचं पॅकेज मिळायचं. आज साडेतीनच्या आसपास मिळतं. चहा मात्र तेव्हाच्या भावात मिळत नाही! वर ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले, रविवारसकट. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तास आणि दुकानं-आस्थापनांत ९ ऐवजी १० तास कामाची मुभा देणाऱ्या बदलांना मंजुरी दिली. त्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये चर्चा कशाची होती? नव्या ग्राफिक्स कार्डाच्या किमतीची.

ज्या रविवारी आपण बारापर्यंत लोळतो, तोसुद्धा कोणी आपणहून दिलेला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि कित्येक वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यांच्या हातात लॅपटॉप नव्हता, डिग्री नव्हती. 'इंटरेस्ट नाही' म्हणायची चैन त्यांना परवडत नव्हती, एवढंच.

शेवटी एक कबुली. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. बुधवार, सुट्टी. माझं नाव गावच्या यादीत, एसटीने पाच तास. मी गेलो नाही. दिवसभर लॅनवर काउंटर स्ट्राइक खेळलो. संध्याकाळी आईचा फोन आला, "बाळा, दिलंस का मत?" मी म्हटलं, "हो." त्या दिवशी किती किल्स केल्या ते आठवत नाही. ते 'हो' आठवतं.

तेव्हा जुनिअर्सना एकच सांगणं. नवीन नाव नोंदवायला फॉर्म ६, पत्ता बदलायला फॉर्म ८. होस्टेलच्या पत्त्यावरही नाव नोंदवता येतं. ऑफिसातून बोनाफाइड आणा आणि भरून टाका. कोणाला मत द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडणार नाही. फक्त 'इंटरेस्ट नाही' एवढं म्हणू नका. राजकारणाला तुमच्यात भरपूर इंटरेस्ट आहे!

— अंतिम वर्ष, संगणक विभाग