अक्षरे यंत्र शिकवील. वाचन ऐकणार कोण?

शिक्षकाविना, केवळ यंत्राच्या साहाय्याने मूल घरच्या घरी वाचायला शिकेल काय? याचा एक मोठा प्रयोग टांझानिया देशात झाला. ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या स्पर्धेत टांगा प्रांतातील सुमारे १७० खेड्यांतल्या जवळजवळ ३,००० मुलांना टॅब्लेट देण्यात आले. त्यांत स्वाहिली वाचन-लेखन व गणित शिकवणारी सॉफ्टवेअर होती. आरंभी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना एकही शब्द वाचता येत नव्हता. १५ महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आले. २०१९ साली निकाल जाहीर झाला.

यश मोठेच! पण उरलेल्या मुलांचे काय?

यंत्र थकत नाही, चिडत नाही. ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. ही गोम पन्नास वेळा ऐकवायला यंत्रच बरे. परंतु मूल कंटाळले आहे, की अर्थ न समजता अंदाजाने उत्तरे दाबीत आहे, हे शेजारी बसलेल्या माणसाला चटकन कळते.

म्हणून आमचे मत असे, की धाकट्या भावंडाच्या हाती फोन देऊन मोकळे होऊ नका. रोज पंधरा मिनिटे जवळ बसा. पडद्यावर शिकलेला शब्द दुकानाच्या पाटीवर, एस.टी.च्या फलकावर शोधायला लावा. ‘म्हणजे काय?’ असे विचारा. आणि शेजारच्या ज्या घरी वाचता येणारे कोणीच नाही, तेथे अवश्य जा. तेथील मुलाला तुमची गरज सर्वांत अधिक आहे.