बिडी सुटली, मग खोकला का वाढला?

ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या, की बीड जिल्ह्यातील कितीतरी वस्त्यांवर मागे राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळकरी नातवंडे. अशा घरातील एखादे आजोबा नातवाच्या हट्टापायी बिडी सोडतात आणि आठवडाभरातच खोकला वाढतो, पोट साफ होत नाही, झोप उडते, चिडचिड होते. ‘चाळीस वर्षे ओढली तेव्हा काही झाले नाही, सोडली आणि आजारी पडलो,’ असे ते म्हणू लागतात. मग घरातलेच कोणीतरी कळवळ्यापोटी बंडल आणून देते.

हा कळवळा आवरावा. श्वासनलिकेच्या आतील बाजूस केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. धूळ आणि कफ वर ढकलणे हे त्यांचे काम. धुरामुळे ते मंदावलेले असतात. धूर थांबताच हळूहळू पूर्ववत होतात आणि साठलेला कफ सुटू लागतो. हा खोकला काही आठवडे राहू शकतो. कोमट पाणी घोट घोट घ्यावे. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती पाळावी. खोकला दाबणारे औषध परस्पर घेऊ नये. आजोबांचे अंथरूण चुलीपासून दूर हलवावे, हेही सांगायला हवे.

तलफ साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि 2 ते 4 आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ बडीशेप चघळावी, अंगणात फेरी मारावी. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढलेली असते, म्हणून ते थांबल्यावर बद्धकोष्ठ होतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू यांनी तो बहुधा सुटतो. पोटासाठी म्हणून मिश्री लावणे किंवा तंबाखू चघळणे ही निव्वळ अदलाबदल आहे. निकोटिन तेच, आणि मुखाच्या कर्करोगाचे भय वेगळे.

आता काळजीवाहकांनी विशेष ध्यानात ठेवावे असे. धुरातील काही रसायनांमुळे यकृत विशिष्ट औषधांचा निचरा अधिक वेगाने करते. धूम्रपान थांबले, की हा वेग मंदावतो आणि पूर्वीचीच मात्रा जास्त ठरू शकते. दम्यासाठी दिले जाणारे थिओफिलिन हे त्यांतील प्रमुख. मळमळ, छातीत धडधड, हातांना कंप अशी लक्षणे दिसली, तर ती ‘बिडी सोडल्याची’ म्हणून सोडून देऊ नयेत. ओलान्झापिन व क्लोझापिन या मानसोपचारातील औषधांचेही तसेच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी या काळात साखर अधिक वेळा तपासावी. गोळ्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना ‘बिडी सोडली आहे’ एवढे आवर्जून सांगावे. चहातील कॅफिनचाही निचरा याच मार्गाने होतो. झोप उडण्यात चहाचाही वाटा असू शकतो. चहा निम्म्यावर आणावा, दुपारनंतरचा टाळावा.

थुंकीतून रक्त, छातीत दुखणे, वाढता दम, सायंकाळचा ताप किंवा वजन घटणे यांचा बिडी सोडण्याशी संबंध जोडून थांबू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर कफ सुटण्याचे कारण गृहीत न धरता प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी; ही तपासणी तेथे विनामूल्य असते. पुढील तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच.

‘या वयात सोडून काय मिळणार?’ हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमधील डॉक्टरांचा 1951 पासून पन्नास वर्षे अभ्यास झाला. 2004 मध्ये रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, साठीत सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभले. तलफ असह्य झाली, तर 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. फोन नातवाने लावून द्यावा, बोलावे मात्र आजोबांनी.