पोराला सगळं ठाऊक असतं

शहापूरला, माझ्या घरी, परवा उद्धव शेळके यांची ‘धग’ पुन्हा वाचायला घेतली. पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळ्यांपुढे फक्त कौतिक होती. या खेपेला मन सारखं तिच्या शाळकरी नामाकडे धावत राहिलं.

1960 सालची ही कादंबरी. वऱ्हाडातलं शिंप्याचं घर, कष्टाला न भिणारी कौतिक, कामाचा कंटाळा असलेला महादेव आणि पुढे त्याला जडलेला महारोग. अशा घरातल्या पोराचं काय होत असेल? गावातलं गुपित म्हणजे कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट नव्हे. ती सगळ्यांना ठाऊक असते, फक्त पोरापुढे कोणी बोलत नाही. आणि पोराला ती आधीच कळलेली असते.

बँकेत असताना खेड्यातल्या एका शाखेत एक बाई दर बाजाराच्या दिवशी यायच्या. रोवणीच्या मजुरीतले दहा-वीस रुपये भरायच्या आणि पासबुक माझ्याच टेबलाच्या खणात ठेवून जायच्या. “घरी नेलं त उरत नाई, सायेब.” (नियमाला धरून नव्हतं, पण मी ठेवत असे.) सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा असायचा. एकदा तो चहाच्या टपरीवर बापाचं बोट धरून उभा दिसला. मी हसलो. त्यानं मला जन्मात कधी पाहिलंच नव्हतं, अशी नजर फिरवली. हे त्याला कोणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो, तेव्हा मात्र हा मुलगा विसरलो आणि खेड्यातली निरागस, बागडणारी पोरं रंगवली. ती पानं आता मला वाचवत नाहीत. मूल अजाण नसतं, त्याच्यापाशी शब्द नसतात. ते मोठ्यांनी द्यायचे असतात.

महारोग आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. 2019 साली तो घटस्फोटाच्या कारणांतूनही कायद्यानं वगळला. तरी पोरीचं लग्न मोडेल म्हणून अंगावरचा चट्टा लपवणारी घरं आहेत. लपवू नका, दवाखान्यात जा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच, की घरातल्या लहान्यालाही जवळ बसवून रोगाचं नाव सांगा. ‘बाहेर बोलायचं नाही’ म्हटलं की तो बोलत नाही. पण आजोबांचा पेला वेगळा का, हे विचारायलाही मग त्याला कोणी उरत नाही.