दुबई किती लांब?

"दुबई काय, इथून साडेतीन तास!" मेसमध्ये परदेशातल्या नोकरीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण मित्रांनो, 'इथून' म्हणजे नेमकं कुठून? मुंबईच्या विमानतळावरून. आपल्यापैकी किती जण विमानतळावर राहतात?

मी जळकोटचा. (लातूर जिल्ह्यातलं नव्हे, धाराशिवमधलं. नळदुर्गच्या पुढे, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं.) आमच्या दारापासून हिशोब मांडू. मुंबई रस्त्याने सुमारे ४६० कि.मी., म्हणजे बसने दहा तास. विमानतळावर तीन तास आधी हजर. विमान साडेतीन तास. तिकडे पासपोर्टची रांग, बॅगा आणि खोलीपर्यंतची टॅक्सी मिळून दीड तास. बेरीज अठरा तास! मुंबई-दुबई हवाई अंतर साधारण १९०० कि.मी. एकूण अंतराला अठराने भागा. विमान ताशी आठशेच्या वर उडतं, पण आपला सरासरी वेग येतो फक्त १३०!

त्यात तिकीटही फसवतं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे दहाला निघून बाराला पोचलो असं दिसतं. येताना मात्र तोच प्रवास पाच तासांचा वाटतो.

आता गंमत बघा. जळकोटहून हैदराबाद २५० कि.मी.च्या आसपास. तिथून दुबई हवाई मार्गाने मुंबईपेक्षा पाच-सहाशे कि.मी. जास्त लांब, विमानाला चार तास लागतात. तरीही दारापासून दारापर्यंत तीन-चार तास वाचतात! २००८ साली शमशाबादचा विमानतळ सुरू झाला, तरी आपलं डोकं अजून मुंबईकडेच धावतं.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, असंही नसतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्या विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे त्याच दिवशी मुंबईत आणली. तेव्हा दोन्ही शहरं एकाच मुंबई इलाख्यात होती. आज कराची दुबईच्या निम्म्या अंतरावर आहे, पण थेट विमान नाही. तिसऱ्या देशातून वळसा घालावा लागतो.

हे गणित मी परीक्षेसाठी मांडत नाहीये. घरी म्हाताऱ्या माणसांना आपण 'साडेतीन तास' सांगून जातो. मग एखाद्या रात्री वाईट फोन जातो, आणि गावात प्रश्न उभा राहतो : मातीला पोराची वाट बघायची की नाही? तीन-चार तास म्हणाला होता, अजून कसा आला नाही? तिकीट लगेच मिळालं तरी तो अठरा तास दूर असतो, हे त्या माणसांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जायचं तर खुशाल जा, मीही कदाचित जाईन. पण निघण्याआधी घरातल्यांसमोर बसून दारापासून दारापर्यंतचा खरा हिशोब करा. जवळचा विमानतळ कोणता, तिथपर्यंत रात्रीची गाडी कोणती, हे कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. नकाशावरचे किलोमीटर विमान कंपनीला उपयोगाचे. घरच्यांना लागतात ते तास!