‘फॉरमॅट मारायला लागतंय!’



आमच्या राधानगरीत पाऊस धरला की तीन गोष्टी हमखास होतात. धरणाच्या दरवाजांची चर्चा सुरू होते, लाईट जाते आणि कुणाचा ना कुणाचा कॉम्प्युटर बंद पडतो. मग दुरुस्तीवाला पोरगा मोटरसायकलवरून येतो, मशीनकडे दोन मिनिटं बघतो आणि मान हलवत म्हणतो, "फॉरमॅट मारायला लागतंय, सर."

या एका वाक्याविरुद्ध आज लिहायला बसलोय. थोडं तिखट होईल. कोल्हापूरकडचा आहे, चालवून घ्या.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मराठी माध्यमातून बी.ए., आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, २००९ साली निवृत्त झालो. कॉम्प्युटरशी ओळख झाली ती एमएस-सीआयटीमुळे. हा कोर्स २००२ साली सुरू झाला, आणि पन्नाशी उलटलेले आम्ही मास्तर लोक आमच्याच माजी विद्यार्थ्यांकडून माउस धरायला शिकलो. परीक्षा पास झालो, सर्टिफिकेट फाईलला लावलं. घरी मशीन अडलं तर पहिल्यांदा काय बघायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरच्या कॉम्प्युटरची बरीचशी दुखणी साधी असतात, कुठलं तरी सेटिंग हललेलं असतं. त्यावर फॉरमॅट मारणं म्हणजे पायात काटा मोडला म्हणून पाय कापणं. आणि आपण, शिकली-सवरलेली माणसं, निमूटपणे पाय पुढे करतो.

उदाहरणं देतो. शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांचं इंटरनेट "बंद" पडलं. कुठलीही साइट उघडायला गेलं की सुरक्षित नाही असा इशारा यायचा. दोन वेळा फॉरमॅट झाला. दोन्ही वेळा दिवसभर चाललं आणि रात्री लाईट गेली की सकाळी पुन्हा तेच. मी जाऊन कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं, तर मशीन कित्येक वर्षं मागे राहत होतं! मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. लाईट नसताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की तारीख मागे जाते. साइट खरी आहे हे पटवणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि मशीनच्या तारखेशी ती मुदत जुळली नाही की मशीन साइटवर विश्वासच ठेवत नाही. फॉरमॅट मारताना त्या पोराने तारीख नीट केली होती, म्हणून दिवसभर चाललं. चहाच्या दोन-तीन कपांच्या किमतीची बॅटरी, आणि त्यापायी दोनदा सगळं घर धुऊन काढलं!

दुसरं उदाहरण एका बाईंचं. "पासवर्ड घेत नाही, व्हायरस आलाय." पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण काय टाईप करतोय ते कळत नाही. आदल्या दिवशी त्यांनी मराठीत पत्र लिहिलं होतं आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला, कीबोर्ड इंग्रजी झाला, पासवर्ड घेतला. दहा सेकंदांचं काम.

तिसरं खास आमच्या हवेचं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनासुद्धा बुरशी येते, तिथे मशीनच्या पोटातल्या धातूच्या पट्ट्यांची काय कथा. मशीन नुसतंच टूं-टूं करतं, पडदा काळा. मेन स्विच बंद करून, वायर काढून, रॅमची पट्टी अलगद बाहेर घ्यायची, तिची पिवळी टोकं खोडरबराने पुसायची, परत बसवायची. बऱ्याच वेळा मशीन सुरू होतं. हे मला एका दुरुस्तीवाल्या पोरानेच दाखवलं. आयुष्यभर पोरांच्या चुका ज्या खोडरबराने खोडायला लावल्या, त्याच खोडरबराने कॉम्प्युटर सुरू होतो, हे पाहून मला फार हसू आलं होतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही हसण्याची नाही.

आमच्या हिला जात्यावरच्या ओव्यांचा नाद होता. आसपासच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांपाशी तासन् तास बसून तिने त्या वहीत उतरवल्या, आणि २००६ पासून रोज दुपारी एकेका बोटाने टाईप केल्या. तीनशेच्या वर झाल्या होत्या. वह्या पुढे पावसात भिजून गेल्या, तरी आम्ही हळहळलो नाही. कॉम्प्युटरमध्ये आहेत की! २०११ साली ती गेली.

२०१३ च्या पावसाळ्यात मशीन सुरू होताना मध्येच थांबायला लागलं. पोरगा आला. "फॉरमॅट मारायला लागतंय, सर. डी ड्राईव्हला हात लावत नाही, तुमचं सगळं राहतंय." मी मान हलवली. तासा-दीड तासात मशीन नव्यासारखं झालं. मी शंभराची नोट वर दिली आणि चहाही पाजला.

ओव्या डेस्कटॉपवर होत्या.

मंडळी, डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स या दोन्ही जागा, मुद्दाम हलवल्या नसतील तर, सी ड्राईव्हवर असतात. सी पुसला की त्या जातात. एवढं एक वाक्य मला त्या दिवशी ठाऊक असतं, तर आज तीनशे ओव्या माझ्याकडे असत्या. त्या पोराने खोटं सांगितलं नव्हतं. डी खरंच जसाच्या तसा होता, त्यात दोन सिनेमे होते.

वर्षभराने एका जुन्या पेन ड्राईव्हवर हिची एक फाईल सापडली. उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांचा नुसता चिवडा. नात म्हणाली, "आजोबा, ही करप्ट झालीय. डिलीट करू?"

मी तिचा हात धरला. का धरला, सांगता येणार नाही.

त्या चिवड्यावर कर्सर नेऊन वर पाहिलं, तर फॉन्टच्या चौकटीत जुन्या मराठी फॉन्टचं नाव तसंच होतं. तेव्हा उलगडा झाला. त्या काळच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर पोटात इंग्रजी अक्षरंच साठवायचा आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा रंग चढवायचा. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला, रंग उतरला, इंग्रजी उघडं पडलं. कपाटात टायपिंगची जुनी सीडी होती. तीन दिवस खटपट करून तो फॉन्ट परत बसवला, फाईल उघडली, आणि त्रेचाळीस ओव्या पडद्यावर उभ्या राहिल्या.

त्या त्रेचाळीस ओव्या मी युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केल्या. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहतं. ‘सासऱ्या’मधला ऱ सुद्धा तिथे आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की येतो. कन्व्हर्टरने हे काम मिनिटात झालं असतं. मला ते मिनिटात संपवायचं नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांनी विंडोज एक्सपीवर मराठी वाचलंय त्यांना आठवत असेल, भाषेच्या सेटिंगमध्ये एक टिचकी मारून, सीडी घालून फाइली घ्याव्या लागायच्या, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जायच्या. दर फॉरमॅटला ती टिचकी पुसली जायची आणि "मराठी साइट खराब आहे" असं ऐकावं लागायचं. म्हणजे फॉरमॅटचा पहिला बळी नेहमी आपली भाषा! ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले, छान झालं. पण घराघरांत जुन्या फॉन्टमधल्या फाइली ‘करप्ट’ म्हणून पुसल्या जातात, त्याचं काय?

दुरुस्तीवाल्यांवर माझा राग नाही. त्यांना दिवसात दहा घरं करायची असतात, आणि गिऱ्हाईकाला अर्ध्या तासात मशीन सुरू हवं असतं. शोधत बसण्याचे पैसे आपण देत नाही, फॉरमॅटचे देतो. कधी व्हायरस असा मुरलेला असतो की फॉरमॅटशिवाय गत्यंतर नसतं, हेही मान्य. तेव्हा जरूर मारा. पण आधी कारण सांगा आणि सगळं काढून ठेवा.

राग आहे तो "तुम्ही हात लावू नका, तुम्हाला नाही जमायचं" म्हणणाऱ्या घरच्यांवर. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडतो, "बाबा, काहीतरी दाबलं असेल तुम्ही!" अरे, दाबलं तर दाबलं. तू पाटीवर पहिला ‘ग’ उलटा काढलास तेव्हा मी पाटी फोडली होती का? आणि राग आहे आपल्या पिढीवर, जी हे ऐकून खरंच हात मागे घेते.

आमच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाहा. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. कोणता उघडला आणि आता खाली पंचगंगेला पाणी किती चढणार, हे इथला चहावालाही सांगतो. त्याने इंजिनिअरिंग केलेलं नाही. त्याचं गाव पाण्यात जाऊ शकतं, म्हणून त्याने समजून घेतलं. ज्या शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं, त्यांनीच १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागू नये, याचं मोल आपल्या भागाला निराळं सांगायला नको. मग सेटिंग वाचून घ्यायला आपण आज दुसऱ्याच्या दारात का उभे आहोत?

मास्तर आहे, गृहपाठ दिल्याशिवाय सोडणार नाही. मशीनशेजारी एक वही ठेवा. सेटिंग बदलण्याआधी जुनं काय होतं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. डेस्कटॉपवर ठेवलेलं मशीनबाहेरही दोन ठिकाणी ठेवा. आणि विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या म्हणून कुणी "मशीन भंगार झालं" म्हणालं तर घाबरू नका. ते चालतच राहतं. धोका वाढतो हे खरं, म्हणून पुढचा मार्ग शोधायचा, पण आधी आतलं सगळं बाहेर काढून.

आणि आज संध्याकाळी एवढं करा. घरातल्या जुन्या पेन ड्राईव्ह आणि सीडी काढा. त्यात एखादी चिवडा झालेली फाईल असेल तर पुसू नका. फॉन्टचं नाव बघा. कुणीतरी दुपारभर बसून, एकेका बोटाने, काहीतरी लिहून ठेवलेलं असेल.

असो. बाहेर पाऊस वाढलाय, लाईट जायच्या आत सेव्ह करतो.